बेने इस्रायलांचें मराठी कीर्तन

कीर्तन ही संस्था केवळ हिंदूंची, अशी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची समजूत असणें स्वाभाविक आहे. कळमेश्वरच्या देवळांत किंवा नागपुरांतील एखाद्या वाड्याच्या चौकांत ज्यानें कपाळीं बुक्का लावून घेतला व आरतीच्या ताटांत पैसा टाकला, त्याला कीर्तन म्हटलें कीं नारदाची गादी, बुवांचें उपरणें आणि चिपळ्या एवढेंच आठवावयाचें. परंतु 1880 सालीं मुंबईंत बेंजामिन शिमशोन अष्टमकर या गृहस्थांनीं यहुदी कथानकावर मराठी कीर्तन केलें, आणि पुढें कित्येक वर्षें बेने इस्रायल समाजांत हा प्रकार चांगला रुजला, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या आमच्या इतिहासकारांनीं जवळजवळ अनुल्लेखानें मारिली आहे. फादर स्टीफन्सचें 1616 चें क्रिस्तपुराण आम्ही अभिमानानें आपलें म्हणतों. रेव्हरंड टिळकांच्या ख्रिस्तायनाबद्दल आदरानें लिहितों. मग अष्टमकरांनींच आमचें काय केलें आहे?

या समाजाचा वृत्तान्त पुष्कळांना ठाऊक असेल, म्हणून तो थोडक्यांतच सांगतों. अलिबागेनजीक नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. कोंकणांत त्यांनीं तेलाचा धंदा धरिला, शनिवारीं घाणा बंद ठेविला, आणि म्हणून लोक त्यांस शनिवार-तेली म्हणूं लागले. आडनांवें रोहेकर, पेणकर, केहीमकर अशीं गांवावरून पडलेलीं, भाषा मराठी, नवस फेडावयाचा तो एलियाहू प्रेषिताच्या नांवानें, पोहे, नारळ व साखर यांचा मलिदा करून. ग्रंथ मात्र त्यांच्यापाशीं नव्हते. सुंता, शब्बाथ, कांहीं उपवास आणि 'शेमा' हें एक वचन, एवढ्या शिदोरीवर त्यांनीं आपला धर्म टिकविला.

ग्रंथ आले ते एकोणिसाव्या शतकांत, आणि ते कोणाच्या हातून आले हें पाहण्यासारखें आहे. कोचीनचे यहुदी शिक्षक आले हें खरें. पण 1832 सालीं या लोकांसाठीं मराठींत हिब्रू व्याकरण छापलें तें स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं. पूर्वजांच्या कथा सलग वाचावयाच्या तर त्या मिशनच्या मराठी बायबलांत. म्हणजे अब्राहाम आपला खरा, पण त्याचा परिचय करून देणारा मनुष्य आपणांस दुसऱ्याच दारीं घेऊन जाऊं पाहणारा! कीर्तनाचा जन्म या अडचणींत झाला असें आमचें मत आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनीं हिब्रू प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें करून साक्षरांची सोय केली. परंतु ज्या आजीबाईला अक्षर येत नव्हतें, तिला योसेफाची गोष्ट स्वकीयाच्या तोंडून ऐकावयाची तर कीर्तनाखेरीज दुसरें साधन कोणतें होतें?

आतां या साधनाची परीक्षा करूं. प्रथमदर्शनीं वाटतें कीं, मूर्तीचा तिटकारा असलेल्या धर्मानें देवळांतली ही कला उचलावी हें विपरीतच. परंतु यहुदी प्रवचनाची जुनी रीत पाहिली तर आश्चर्य मावळतें. त्यांचा प्रवचनकार त्या दिवशींच्या पाठाशीं वरवर संबंध नसलेलें एखादें दूरचें वचन घेई, त्यावर नाना अर्थांचीं पुटें चढवी, आणि श्रोता बुचकळ्यांत पडला असतां अकस्मात् मूळ पाठाच्या पहिल्या शब्दावर येऊन पोंचे. आमचे हरिदास पूर्वरंगांत अभंग निरूपितात, उत्तररंगांत आख्यान लावितात आणि शेवटीं पुन्हा त्याच अभंगाशीं गांठ मारितात. दोन्हींकडे कथा ही वचनाचा पुरावा म्हणून येते. योसेफाचें आख्यान तर साकी-दिंडीसाठींच जन्मलेलें आहे. बापाचा लाडका मुलगा, भावांचा मत्सर, विहिरींतून बंदिवासांत व बंदिवासांतून सिंहासनापाशीं. आणि भाऊ समोर उभे असतां ओळख लपवून एकांतांत जाऊन रडणें! जो कीर्तनकार येथें सभेला रडवूं शकत नाहीं, त्यानें उपरणें खुंटीला टांगावें.

परंतु प्रत्येक कथा अशी वश होत नाहीं. अब्राहाम आपल्या पुत्राला बळी देण्यास निघतो तो प्रसंग घ्या. मूळ ग्रंथांत तीन दिवसांची वाट आहे आणि बापाच्या मनांत काय चाललें आहे याविषयीं एक अक्षर नाहीं. त्या मौनांतच प्रसंगाची भयानकता आहे. कीर्तनाला मौन सोसत नाहीं. तेथें पद हवें, विलाप हवा. त्यांत मराठी श्रोत्याच्या कानांत श्रियाळ-चांगुणेचा चिलया आधींच बसलेला. अतिथीसाठीं पोराचें मस्तक उखळांत कांडतांना गाणें म्हणणारी चांगुणा ज्यानें ऐकली आहे, तो अब्राहामालाही सत्त्वपरीक्षेंतला भक्तच समजणार. हें साम्य कीर्तनकाराला सोयीचें, पण घातक आहे. कारण हाच अब्राहाम थोड्याच पूर्वीं सदोम नगरासाठीं देवाशीं घासाघीस करितो: पन्नास नीतिमान् निघाले तर, पंचेचाळीस निघाले तर, असें म्हणत दहांवर येतो. नगरासाठीं भांडणारा मनुष्य पुत्रासाठीं कां भांडला नाहीं, हा प्रश्न यहुदी पंडितांनीं शतकानुशतकें चघळला आहे. चिलयाच्या सांच्यांत कथा ओतली कीं तो प्रश्नच नाहींसा होतो.

आणि प्रश्न नाहींसा झाला तर यहुदी विद्येचें राहतें काय? तालमूद हा ग्रंथ म्हणजे शेंकडों वर्षें चाललेला वाद आहे. हिल्लेल व शम्माय यांच्या शिष्यांचे मतभेद त्यांत जपून ठेविले आहेत. निर्णय बहुधा हिल्लेलाच्या बाजूनें, तरी शम्मायाचें मत पुसलें जात नाहीं. आमच्या शास्त्रांतही पूर्वपक्ष असतो. पण त्याला बहुधा खंडन करण्याकरितांच उभा करितात. तेथें पराभूत मतही पुढल्या पिढीच्या उपयोगी पडेल म्हणून कुळाचाराप्रमाणें सांभाळतात. पाठशाळेंत शिष्य गुरूला मध्येंच अडवितो, अडविणें हाच तेथला शिष्टाचार. आमच्या नारदीय कीर्तनांत मध्येंच कोणी उठून "बुवा, हें पटलें नाहीं" म्हणाला तर चार लोक त्याला बाहेर नेऊन बसवितील.

यावरून कीर्तनाला वादाचें वावडें आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांला मान्य नाहीं. आम्ही वऱ्हाड-नागपुराकडील माणसें. गाडगे महाराजांची (1876–1956) कीर्तनाची रीत आमच्याकडे घरोघर सांगतात. त्यांचें कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच. ते सभेला विचारीत, सभा उत्तर देई, त्या उत्तरांतून पुढला प्रश्न निघे, आणि शेवटीं सभा आपल्याच तोंडानें कर्जाला, दारूला व पशुबळीला नाहीं म्हणून मोकळी होई. म्हणजे दोष कीर्तनाचा नव्हे. मुंबईंत प्रतिष्ठित असलेल्या ज्या कीर्तनाचा नमुना त्या मंडळींनीं घेतला, त्याचा होता.

शिवाय प्रश्नोत्तराचा नमुना त्यांच्या घरांतच होता. वल्हांडणाच्या रात्रीं घरांतल्या सर्वांत लहान मुलानें प्रश्न विचारावे, चार प्रकारच्या पुत्रांना चार प्रकारचीं उत्तरें द्यावीं, असा जो हग्गादा नामक ग्रंथ, त्याची मराठी भाषांतरासह आवृत्ति मुंबईंत 1846 सालींच निघाली. आणि 1874 ची पुण्याची आवृत्ति तर सचित्र, तींत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया चक्क लुगडीं नेसलेल्या! हें एक चित्र शंभर प्रस्तावनांहून अधिक बोलतें. ज्या समाजानें मिसर देशांतून सुटकेची कथा नऊवारीच्या पदराआड आणून बसविली, त्याला हग्गाद्याची प्रश्नमालिका कीर्तनांत आणणें कठीण नव्हतें.

वाद त्या समाजांत झाले नाहींत असें मात्र नव्हे. ते कीर्तनाच्या बाहेर झाले. 1917 सालीं बेने इस्रायल परिषद भरली, पाठोपाठ इस्राएलाइट लीग निघाली, आणि राजकारणांत पडावें कीं शिक्षणापुरतें राहावें यावर दोन तट पडले. केहीमकरांनीं 1875 सालीं काढलेल्या शाळेंत पुढें मुख्याध्यापिका झालेल्या रिबेका रूबेन 1905 सालीं मुंबईच्या मॅट्रिक परीक्षेंत पहिल्या आल्या होत्या. अशा विदुषी ज्या सभांत बोलत, तेथें वादाची पातळी काय असेल हें सांगावयास नको. पुढें इस्राएलांत गेल्यावर विवाहप्रसंगीं तेथील धर्मपीठानें या लोकांच्या कुळाविषयींच शंका काढिली. त्यांनीं त्याविरुद्ध लढा दिला, आणि 1964 च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें ते सर्वस्वी यहुदीच होत असा ठराव केला. शनिवारचा घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या वंशजांना आपलें यहुदीपण सिद्ध करावें लागलें, यापरता दैवदुर्विलास कोणता!

आज समाजाचा मोठा भाग तिकडेच आहे. कीर्तन तेथें स्त्रियांच्या मंडळांनीं जतन केलें, हें विशेष होय. पूर्वीं पुरुष उभे राहून करीत तें आतां स्त्रिया करूं लागल्या. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही तेथून निघत आलें आहे. परंतु नव्या पिढीची भाषा हिब्रू. आजीचें पद तिला पाठ असेल तर अर्थावांचून. आणि इकडे आमच्यापैकीं ज्यांना अर्थ कळतो, त्यांनीं त्या पुस्तिका उघडून पाहिलेल्या नाहींत.

या कीर्तनांची संपादित आवृत्ति निघावी असें आम्हांस वाटतें, आणि ती काढणाराला एकच सूचना करावीशी वाटते. त्या काळच्या पद्यांच्या माथ्यावर चाल अमुक म्हणून एखाद्या नाटकांतील पदाचा वा जुन्या आख्यानाचा निर्देश करण्याचा प्रघात असे. आजचे संपादक असले निर्देश अडगळ समजून गाळतात. ते गाळूं नयेत. योसेफाच्या तोंडीं कोणत्या नाटकाची चाल घातली होती हें कळलें, तर तो कीर्तनकार आदल्या शनिवारीं रात्रीं कोणत्या नाट्यगृहांत बसला होता हेंही कळेल.