एक अंडं आणि अठरा महिन्यांचं अनुदान

माळढोकची मादी एका हंगामात साधारणपणे एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. कुत्री, कोल्हे, मुंगूस यांच्यातून ते वाचलं तर पिल्लू; आणि ते पिल्लू स्वतः वीण करण्याजोगं व्हायला आणखी काही वर्षं. आता समजा, तुम्हाला या पक्ष्यावर काम करायला अठरा महिन्यांचं अनुदान मिळालंय. वनखात्याची परवानगी हातात पडेपर्यंत काही महिने सहज जातात. उरतो जेमतेम एक हंगाम. मग अंतिम अहवालात काय लिहाल? किती गावांत सभा घेतल्या, किती शाळांत पोस्टर लावली, किती किलोमीटर सर्वेक्षण केलं. पक्षी वाढले की नाही, हे त्यात येऊच शकत नाही.

हा दोष अर्जदाराचा नाही, अनुदानाच्या रचनेचा आहे. देणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे लवकर मोजता येईल ते मोजलं जातं. ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनने यावर थोडा मार्ग काढलाय. पहिलं छोटं अनुदान नीट पूर्ण केलं तर दुसरं, आणि मग पुढचे मोठे टप्पे. आपल्याकडच्या कितीतरी तरुण अभ्यासकांची सुरुवात अशा पैशावर झालीय. पण इथेही दर टप्प्याला नव्याने अर्ज करावा लागतो. मधल्या काळात ज्या गुराख्याला तुम्ही नोंदी घ्यायला शिकवलं, त्याचा पगार थांबतो आणि नोंदींची साखळी तुटते.

लांब पल्ल्याचा पैसा काय करतो, तेही माळढोकच्याच बाबतीत दिसतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने माळढोकच्या प्रजननासाठी आणि अधिवासासाठी सात वर्षांचा, ३३.८५ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. २०१९ मध्ये जैसलमेरच्या माळावरून अंडी आणून कृत्रिमरीत्या उबवायला सुरुवात झाली. ती पिल्लं मोठी झाली आणि पुढे त्यांनीही अंडी घातली. दीड वर्षाच्या अनुदानात हे शक्यच नव्हतं.

पण इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. हा पैसा आला ‘कॅम्पा’मधून, म्हणजे वनजमीन प्रकल्पांना देताना वसूल केलेल्या भरपाईतून. या निधीचं मुख्य काम वृक्षारोपण. आणि झाडं लावायला जागा शोधताना ‘पडीक’ म्हणून नोंदवलेले माळ सोयीचे वाटतात. माळढोकला मात्र लांबवर नजर पोचेल असं मोकळं गवत लागतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरही मागे ग्लिरिसिडियाची लागवड झालीय. म्हणजे एका खात्यातून पिल्लं वाढवायची आणि त्याच खात्यातून त्यांचं घर झाडांनी भरायचं, असं होऊ शकतं. पिल्लं सोडणार कुठे, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

म्हणून पैसे किती यापेक्षा ते कशाला बांधलेत, हे बघायला हवं. माझ्या मते कोणत्याही संवर्धन अनुदानाने तीन गोष्टी विचारायलाच हव्यात. प्रकल्प संपल्यावर नोंदी कोण ठेवणार आणि त्याला पगार कोण देणार? त्या जमिनीची सरकारदरबारी नोंद काय आहे? आणि मुदत त्या प्राण्याच्या आयुष्याशी जुळते का? बेडकाला दोन पावसाळे कदाचित पुरतील, माळढोकला दहा वर्षंही कमीच.

यावर कुणी म्हणेल, मुदत वाढवली तर तेवढ्याच पैशात कमी प्रकल्प बसतील. बरोबर आहे, बसतील. नव्या अभ्यासकांसाठी छोटी अनुदानं राहायलाच हवीत. पण त्यांना ‘संवर्धन’ न म्हणता ‘पाहणी’ म्हणावं, म्हणजे अपेक्षाही तेवढीच राहील. पुढच्या वेळी ‘प्रकल्प यशस्वी’ अशी बातमी वाचाल तेव्हा दोन आकडे शोधा: अनुदान किती महिन्यांचं होतं, आणि तो प्राणी किती वर्षांनी पिल्लं देतो. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल, तर यश नेमकं कशाचं, ते जरूर विचारा.