गंगेत घोडं न्हालं, पण पुढे काय?

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांवर आपल्या स्मरणिकांतून दर चार-दोन वर्षांनी एखादा लेख येतोच, आणि यावा हे योग्यच आहे. १९०६ साली अमेरिकेत आलेला, इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेला आणि मग (हे आपल्यापैकी फार थोड्यांना जमलं) मायदेशी परत जाऊन तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' काढणारा हा माणूस आपल्याला जवळचा वाटणारच. मात्र या लेखांत दोन विधानं हटकून असतात. पहिलं, 'भारतीय भाषांतला पहिला ज्ञानकोश मराठीचा.' तसं नाही. नगेंद्रनाथ बसूंचा बावीस खंडांचा बंगाली 'विश्वकोश' १९११ मध्येच पूर्ण झाला होता. दुसरं विधान, 'केतकरांनी हे एकहाती केलं.' या दुसऱ्या विधानाबद्दलच मला लिहायचं आहे. ते नुसतं चूक नाही, आपण संस्थेकडे कसं बघतो हेही त्यातून कळतं.

केतकरांनी आधी काय केलं, तर संस्था काढली. ज्ञानकोश मंडळ ही चक्क लिमिटेड कंपनी होती. १९१६ च्या सुमारास नागपुरात तिची सुरुवात झाली, पुढे बिऱ्हाड पुण्याला हललं. भाग विकायचे, आगाऊ वर्गणीदार मिळवायचे, त्या पैशांतून लेखक-संपादकांचा पगार आणि छपाई भागवायची, असा हिशेब होता. राजाश्रय नाही, विद्यापीठाचा आधार नाही. विद्वत्तेचं काम बाजारातल्या भांडवलावर उभं करायचं, हा विचार त्या काळच्या पुण्यात किती विचित्र वाटला असेल! पहिला खंड १९२० साली आला आणि १९२९ पर्यंत तेवीसही खंड वाचकांच्या हातात होते. आजही कुठल्याही संपादक मंडळाला हा वेग झेपेल असं वाटत नाही. या सगळ्याचा जमाखर्च केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात मांडला. मराठीत संस्थाचालकाने संस्थेबद्दल लिहिलेली पुस्तकं बहुधा आभारप्रदर्शनाच्या सुरात असतात. पैसे कसे उभे केले आणि माणसं कशी जमवली हे सांगणारी थोडी, आणि त्यांत हे एक.

पण कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. संस्था कंपनीची असली, तरी कोशात काय जायचं आणि कोणत्या क्रमाने जायचं हे केतकरांच्याच डोक्यात ठरत होतं. तेवीसपैकी पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत : 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. अकारविल्हे नोंदी सहाव्या खंडापासून लागतात. ज्या वर्गणीदाराने घरात मुलांना संदर्भाला पुस्तक हवं म्हणून पैसे भरले, त्याच्या हाती आधी पाच खंड केतकरांचं समाजशास्त्र पडलं. माझ्या मते ते पाच खंड म्हणजेच ज्ञानकोशातलं सर्वांत टिकाऊ लेखन आहे. बाकीच्या पुष्कळ नोंदी शिळ्या झाल्या, पण तिथली जगाकडे मराठी अंगणातून बघण्याची हिंमत शिळी झालेली नाही. तरीही कोश म्हणून ही रचना चुकीचीच म्हणावी लागेल. 'नोंदीची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण व्याख्यान देतो आहोत' असं केतकरांना ठामपणे सांगून थांबवू शकेल असं अधिकाराचं दुसरं माणूस त्या कंपनीत नव्हतं. ग्रंथाला तेज आलं ते यामुळे, आणि संस्था कच्ची राहिली तीही यामुळेच.

तेविसावा खंड छापून झाला आणि कंपनीपुढे काम उरलं नाही. दुसरी आवृत्ती नाही, पुरवणी नाही, वर्षावर्षाला भर घालणारी चार माणसं नाहीत. गंगेत घोडं न्हालं! केतकरांची शेवटची वर्षं तंगीत गेली आणि १९३७ साली, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते गेले.

मग त्या संस्थेतून मागे काय राहिलं? माझं उत्तर थोडं वेगळं आहे. राहिली ती तिथे तयार झालेली माणसं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ज्ञानकोशाच्या कामातच घडले. नोंदी कशा करायच्या, चिठ्ठ्या कशा लावायच्या, शब्दाचा माग कसा काढायचा, मुद्रिताला कुठे धरायचं, हे सगळं तिथे हाताखाली शिकता आलं. १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड निघाले आणि १९४९ पासून सहा भागांचा 'सुलभ विश्वकोश' आला, त्याच्या मुळाशी ही उमेदवारी आहे. म्हणजे ज्ञानकोश मंडळाचं खरं ज्ञान तेवीस खंडांत जेवढं होतं, तेवढंच कोश कसा करायचा या कसबातही होतं. खंड कपाटात गेले, कसब मात्र दोघांच्या हातून पुढे चालत राहिलं. केतकरांवरच्या आपल्या लेखांत दाते-कर्व्यांचं नाव क्वचित असतं, याची मला नेहमी हळहळ वाटते.

दुसरा प्रयोग सरकारी. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचं काम वाईला सुरू झालं. हे मुंबई-पुणे सोडून वाईला का, असं पुष्कळांना वाटतं. पण तिथल्या प्राज्ञपाठशाळेत धर्मकोश आणि मीमांसाकोश यांची कामं आधीपासून चालू होती, शास्त्रीबुवा स्वतः त्यातले. कोशाचं कसब जिथे आहे तिथे कोश न्यायचा, ही निवड अगदी शहाणपणाची होती.

विश्वकोशाच्या कारभारातल्या दोन गोष्टींना मी पूर्ण गुण देईन. खंड निघण्याआधी, १९७३ साली, त्यांनी परिभाषा-संग्रह काढला. शेकडो लेखक वेगवेगळ्या गावांत बसून लिहिणार. एकाने एका संकल्पनेला एक शब्द वापरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर वाचकाचे हाल कुत्रा खाणार नाही. म्हणून आधी शब्दांवर एकमत करायचं, मग लिहायचं. दुसरी गोष्ट, नोंदीखाली लेखकाचं नाव. हे सांगणारा कोण, हे वाचकाला कळतं आणि लिहिणाऱ्यालाही जबाबदारी टाळता येत नाही. केतकरांच्या एकछत्री अंमलापेक्षा ही व्यवस्था पक्की होती, आणि तशी ती ठरलीही. १९८० साली विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झालं, १९९४ साली शास्त्रीबुवा गेले, अध्यक्ष बदलत राहिले आणि काम चालू राहिलं. माणूस गेला तरी संस्था बंद पडली नाही, हे आपल्याकडे थोडंथोडकं नव्हे.

मात्र वेग गेला तो गेलाच. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा पूर्ण झाला २०१५ मध्ये. नुसतं 'सरकारी काम' म्हणून हसण्याआधी याचा परिणाम काय झाला तो पाहू. अकारविल्हे कोश हप्त्याहप्त्याने निघतो तेव्हा अक्षर छापलं की त्याचं दार बंद होतं. पहिला खंड 'अंक' ते 'आतुरचिकित्सा'. म्हणजे आपण जिथे राहतो त्या अमेरिकेची नोंद १९७६ पर्यंतची. 'इ' आणि 'ए' ही अक्षरंही सत्तरच्या दशकातच छापून झाली. एड्सची ओळख जगाला १९८१ साली पटली आणि इंटरनेट त्याहून पुढे घराघरांत आलं. या दोघांनाही आपापल्या अक्षरात जागा मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या नावाने पुढच्या अक्षरात यावं, नाहीतर पुरवणीची वाट बघावी. एकाच कपाटात एकाच रंगाच्या पुठ्ठ्यात बसलेल्या या खंडांत 'अ' आणि 'ह' यांच्यामध्ये जवळजवळ चाळीस वर्षं आहेत, आणि वाचकाला ते बाहेरून दिसत नाही. यात एकट्या कुणाचाही दोष नाही. हा दोष 'आधी पूर्ण करू, मग सुधारू' या धोरणाचा आहे.

विश्वकोश मंडळाने पुढे हे ओळखलं, हे त्यांच्या श्रेयाचं. २०११ साली खंड युनिकोडमध्ये संकेतस्थळावर आले आणि शिकागोतल्या मुलीला प्रकल्पासाठी वाईचा कोश रात्री अकरा वाजता उघडता येऊ लागला. त्यानंतर विषयवार ज्ञानमंडळं निघाली. विद्यापीठं आणि संशोधन संस्था यांच्याकडे एकेक विषय सोपवायचा, त्यांनी जुन्या नोंदी तपासायच्या, नव्या लिहायच्या आणि त्या थेट संकेतस्थळावर जायच्या. अक्षराचं बंद दार अखेर उघडलं. माझी शंका एवढीच की ज्ञानमंडळ चालतं ते शेवटी एखाद्या समन्वयकाच्या उत्साहावर. तो निवृत्त झाला की काय, हा प्रश्न केतकरांच्या कंपनीपासून सुटलेला नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, सुरू झाला. तिथे संपादक कुणीही होऊ शकतो, ही त्याची ताकद आणि तीच पंचाईत. पण तिथल्या एका सोयीकडे आपण पुरेसं बघत नाही : प्रत्येक पानाचा इतिहास. कोणता शब्द कधी बदलला, आधी काय होतं, कुणी बदललं, त्यावर वाद काय झाला, सगळं राहतं. विश्वकोशात सही आहे, पण आधीचा खर्डा वाचकाला दिसत नाही. विकिपीडियात खर्डे आहेत, पण सही बहुधा टोपणनावाची. मला विचाराल तर प्रकृती, औषधं, कायदा असल्या विषयांत मी अजून सहीकडे जाईन. गावाची, देवळाची, एखाद्या नाटकाच्या प्रयोगांची माहिती मात्र खर्ड्यांतून जास्त चांगली वाढते, कारण तिथे तज्ज्ञ म्हणजे तो प्रयोग बघितलेला माणूसच.

आणि इथेच आपल्या मंडळाचा विषय निघतो, कारण आपणही एक संस्था चालवतो. मंडळात ज्ञान म्हणजे काय, असं कुणी हसून विचारेल. गणपतीला हॉलवाले स्वयंपाकघर वापरू देतात की नाही, तीनशे पानांना मसालेभात किती लागतो, मराठी शाळेत सात वर्षांची मुलं कोणत्या धड्याला कंटाळतात, नाटकाच्या दौऱ्याच्या वेळी कलाकारांच्या व्हिसाचे कागद किती आधी लावावे लागतात : हे सगळं ज्ञानच आहे आणि ते दर वर्षी कार्यकारिणीबरोबर घरी जातं. नवी मंडळी उत्साहाने येतात आणि पहिले पाढे पंचावन्न. मंडळाचे कागद तीन घरांच्या बेसमेंटमध्ये चार खोक्यांत आहेत. ईमेलचा पासवर्ड एका माजी सेक्रेटरींच्या फोनवर आहे. आपली व्यवस्था केतकरांच्या कंपनीसारखी, फक्त केतकर नाहीत!

हॉल आणि मसालेभात पुन्हा शिकता येतो. जे पुन्हा मिळणार नाही ते आपल्या जुन्या स्मरणिकांत आहे. पहिल्या पिढीने इथे येऊन काय पाहिलं, कशावर भांडली, पहिलं नाटक कुणाच्या तळघरात बसवलं, हे फक्त तिथेच छापलेलं आहे, आणि लिहिणारी माणसं एकेक करून कमी होत आहेत. मागच्या दिवाळीला एका जुन्या अंकातला सहलीचा फोटो फिरला. बारा माणसांपैकी पाचांची नावं कुणालाच सांगता आली नाहीत. फोटो स्कॅन करून ठेवला म्हणजे काम झालं, असं आता सर्रास मानलं जातं. नावं नसलेले पाच हजार फोटो ड्राइव्हवर टाकणं म्हणजे खोकं बेसमेंटमधून माळ्यावर हलवणं.

केतकरांच्या ज्ञानकोशाचा बाविसावा खंड सूचीचा आहे. एवढ्या घाईत, एवढ्या ओढाताणीतही एक अख्खा खंड त्यांनी 'कुठे काय आहे' हे सांगायला दिला. आपल्या स्मरणिकांना सूची नाही. ती करायला विद्वान लागत नाही. लेखाचं नाव, लेखक, वर्ष, पान आणि कुठल्या माणसांचा, गावांचा, कार्यक्रमांचा उल्लेख आहे, एवढंच लागतं. शिवाय जो अंक सूचीत आला त्यात कुणाला चूक आढळली, तर ती दुरुस्ती कुणी, कधी केली हे शेजारी लिहायची जागा हवी, आणि ही वही कार्यकारिणी बदलली तरी न बदलणाऱ्या दोन माणसांकडे हवी. त्यांतलं एक तरी तिशीच्या आतलं असावं.

आम्ही तिघांनी पहिल्या अकरा अंकांची सूची गेल्या हिवाळ्यात केली. १९८८ आणि १९९३ चे अंक कुठल्याच खोक्यात सापडले नाहीत. कुणाच्या घरी असतील तर गणपतीच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर आणून द्यावेत. तिथेच स्कॅन करून लगेच परत देऊ. आणि त्या फोटोची मोठी प्रतही टेबलावर ठेवणार आहोत, पेन्सिलीसह.