खुले आहे, पण सापडते का?

एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांवर काम करणारा प्रत्येक अभ्यासक शंकर गणेश दाते यांचा ऋणी असतो. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची विषयवार सूची त्यांनी केली. पुस्तके होतीच, ती आहेत हे कळण्याची सोय दात्यांनी केली. आजच्या मुक्त ज्ञानसाधनांना असा सूचिकार अजून मिळायचा आहे.

संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, ही भूमिका २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ठामपणे मांडली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९मध्ये पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे भांडार भरत गेले. विद्यापीठाच्या ओळखपत्राशिवाय प्रबंध वाचता येतो, ही माझ्यासारख्या संस्थेबाहेरच्या अभ्यासकासाठी लहान गोष्ट नाही.

अडचण सुरू होते ती शोधताना. मराठी प्रबंधांची शीर्षके कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत. ‘ज्ञानेश्वरी’तला ‘ज्ञ’ रोमनमध्ये कोणी ‘डी-एन’ने लिहितो, कोणी ‘जे-एन’ने, कोणी ‘जी-वाय’ने. एका रूपाने शोधणाऱ्याला उरलेली दोन दिसत नाहीत. कित्येक प्रबंध म्हणजे निव्वळ पानांची छायाचित्रे. त्यांतला शब्द शोधून हाती लागत नाही. मग आधीचे काम नाहीच असे समजून तोच विषय पुन्हा घेतला जातो आणि पहिल्याचे श्रम मातीत जातात.

‘सगळे इंटरनेटवर आहे, वाचक शोधेल’ हे ग्रंथालयांचे उत्तर अपुरे आहे. विकत घेतलेल्या किंवा भेट आलेल्या पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, म्हणून त्याची नोंद होते. फुकट उपलब्ध असलेला ग्रंथ दाखल होत नाही, म्हणून तालिकेत येत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संकेतस्थळावर खुले केले. पण तालुक्याच्या वाचकाला ते सांगणार कोण? खर्चाचा हिशेब ठेवणारी नोंदवही आणि ज्ञानाचा ठावठिकाणा सांगणारी सूची, या दोन गोष्टी आपण एकच मानून बसलो आहोत.

प्रत्येक जिल्ह्यातील एका तरी ‘अ’ वर्ग ग्रंथालयाने आपल्या जिल्ह्याविषयीचे खुले प्रबंध व जुने ग्रंथ यांची सूची करावी. शीर्षक देवनागरीत द्यावे, रोमन रूपेही नोंदवावीत आणि छापील प्रत वृत्तपत्रांच्या टेबलावर ठेवावी. याला मोठा निधी लागत नाही. दात्यांच्या अंगी होती ती चिकाटी मात्र लागते.