प्लगला करंट आहे, मग गाडी मिस का मारते?

पेट, सेट, नेटची तयारी करणाऱ्या मित्रांचा एक प्रश्न हमखास असतो: गृहीतक 'तपासायचं' म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय? व्याख्या पाठ असतात, संशोधनाच्या पायऱ्या पाठ असतात, पण हात नेमका कुठे घालायचा ते कळत नाही. म्हणून या वेळी उदाहरण प्रयोगशाळेतलं घेतलेलं नाही. नांदगावसारख्या तालुक्याच्या गावात रोज घडणारं घेतलंय. पेट्रोल गाडीचा स्पार्क बिघडला, तर बिघाड कुठे आहे हे शोधायला आपण पोरांना कसं शिकवतो?

मी फिजिक्सचा, गाड्या हा माझा विषय नाही. पण आयटीआयच्या 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' ट्रेडमध्ये हा भाग ज्या पद्धतीनं शिकवला जातो, ती नीट पाहिली की आपल्या पीएचडीच्या कोर्सवर्कचे दोष त्यात आरशासारखे दिसतात. लेख टीकेचा आहे, पण टीका शिल्पनिदेशकांवर नाही. टीका एका तक्त्यावर आहे.

तक्ता काय देतो

शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू आहे. तिच्यातला हा ट्रेड दहावीनंतरचा, दोन वर्षांचा. बिघाड शोधण्याचा धडा आला की पुस्तकात, फळ्यावर आणि वहीत एक ठरलेला तक्ता येतो. डावीकडे लक्षण, मध्ये संभाव्य कारणं, उजवीकडे उपाय. 'इंजिन चालू होत नाही' याच्यासमोर साधारण असं काहीतरी: प्लग काजळला, पॉइंट जळाले, कंडेन्सर गेला, कॉइल गेली, बॅटरी उतरली. उपाय: साफ करा, बदला, बदला, बदला, चार्ज करा.

या तक्त्याला सरसकट नावं ठेवता येणार नाहीत. नवख्या पोराला भागांची नावं कळतात, काही बघायचं राहून गेलं तर आठवण होते, आणि एका वर्कशॉपमध्ये वीस पोरं असताना सगळ्यांना एकाच वेळी सांगता येतं. यादी म्हणून तक्ता चांगलाच आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा यादी पाठ झाली म्हणजे निदान आलं असं आपण धरून चालतो.

पहिली गोष्ट, तक्त्याचं शीर्षकच उत्तर फोडतं. 'इग्निशनचे बिघाड' या धड्यात बिघाड इग्निशनमध्येच असणार! गॅरेजवर गिऱ्हाईक एवढंच म्हणतं, "सेल्फ मारतो, पण गाडी चालू होत नाही." त्यात स्पार्क गेला असेल, पेट्रोल पंप बंद असेल, नाहीतर कॉम्प्रेशन उतरलं असेल. आणि कांद्याच्या गोण्या भरलेली डिझेल पिकअप असेल तर हा तक्ता उघडायचंच काम नाही, कारण डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. समस्या कोणत्या खात्यातली आहे हे ठरवणं हाच निम्मा अभ्यास असतो. तो निम्मा भाग वर्गात आयता मिळतो.

क्रम कुठे आहे?

जुनी प्रीमियर पद्मिनी डोळ्यासमोर आणा. स्पार्कची साखळी अशी: बॅटरी, इग्निशन स्विच, कॉइल, कॉन्टॅक्ट पॉइंट (सोबत कंडेन्सर), डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, हाय टेन्शन वायर, प्लग. आठ कड्या. तक्त्याप्रमाणे एकेक बघत गेलात तर सातव्या-आठव्या तपासणीपर्यंत जावं लागू शकतं.

आता मधोमध तोडा. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड वायर काढून तिथे स्पार्क येतो का बघितलं. आला, तर पहिल्या चार कड्या बहुतेक सुटल्या. नाही आला, तर पुढच्या चार सध्या बाजूला ठेवा. उरलेल्या चारांचे परत दोन भाग करा. तीन तपासण्यांत काम होतं. (हे जुन्या गाडीचं सांगतोय. ईसीयू असलेल्या गाडीत वायरी उघड्या ठेवून स्पार्क उडवला तर कॉइल किंवा ईसीयूच जायची भीती असते. पेट्रोलची वाफ आसपास असेल तर कोणत्याच गाडीत असं करायचं नाही.)

त्याच्याही आधी फुकटातली एक तपासणी असते: लक्षण नीट ऐकणं. गाडी अजिबात चालू होत नसेल तर चारही प्लग एकाच सकाळी गेले असण्याची शक्यता किती? फारच कमी. म्हणजे चौघांना सामाईक असलेल्या भागाकडे आधी बघा. उलट गाडी चालू आहे आणि एकच सिलिंडर मिस मारतोय, तर बॅटरी आणि स्विच आपोआप निर्दोष सुटले. पान्याला हात न लावता निम्मी यादी संपली. तक्त्यात मात्र सगळी कारणं एका रांगेत, एकाच वजनाची. कोणतं जास्त संभवतं, कोणतं तपासायला दोन मिनिटं लागतात आणि कोणतं तपासायला अर्धं इंजिन उघडावं लागतं, याचा पत्ताच नसतो.

इथे एक संशोधन सांगायलाच हवं. डेन्मार्कच्या रिसो केंद्रातल्या रासमुसेन आणि येन्सेन यांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचं निरीक्षण करून १९७४ मध्ये 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांना दिसलं की अनुभवी माणसं प्रत्येक वेळी खोल तर्क करत बसत नाहीत. ती भराभर, स्वस्तातल्या 'बरोबर की चूक' अशा तपासण्या करत बिघाडाचा प्रदेश लहान करत जातात. बाहेरून हे अडाणीपणाचं वाटेल. पण वेळ आणि डोक्यावरचा ताण हिशोबात धरला तर ती पद्धत शहाणपणाचीच आहे, असं लेखकांचं म्हणणं. आपल्या गॅरेजमधला जुना मेस्त्री हेच करतो, पण त्याचा क्रम कुणी लिहून ठेवत नाही. तक्ता ज्ञानाची यादी ठेवतो आणि मेस्त्रीचं खरं कौशल्य बाहेरच राहतं.

ठिणगी दिसली म्हणजे काय सिद्ध झालं?

हा माझ्या विषयाचा भाग, म्हणून इथे जरा थांबतो. गॅरेजमध्ये सर्रास होणारी चाचणी अशी: प्लग काढायचा, इंजिनाच्या धातूला टेकवायचा, सेल्फ मारायचा. निळी ठिणगी दिसली की निकाल लागतो, "करंट आहे, प्लग ओके."

पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये दाखवलं की दोन टोकांमधल्या वायूतून ठिणगी पडायला लागणारा दाब (व्होल्टेज) हा वायूचा दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतो. प्लगची फट साधारण पाऊण ते एक मिलिमीटर. उघड्या हवेत तेवढ्या फटीला ३ ते ४ हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं गेलेलं असतं, घनता कित्येक पट वाढलेली असते. तिथे त्याच फटीला १० हजारांहून जास्त व्होल्ट लागू शकतात. म्हणजे ५ हजार व्होल्टच देऊ शकणारी मरतुकडी कॉइल बाहेर झकास ठिणगी दाखवेल आणि आत नापास होईल.

आता गिऱ्हाइकाची तक्रार ऐका: "गावात गाडी मस्त चालते, पण चाळीसगाव सोडून कन्नडच्या घाटाला लागलो की मिस मारते." पेट्रोलच्या खेळीला हे विचित्र वाटणार नाही. घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडर जास्त भरतो, दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. निवांत उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडर अर्धपोटी असतो, तिथे कमी व्होल्टवर भागतं. तक्रार वेडगळ नाही, तिच्यातच पुरावा आहे. पण 'ठिणगी आहे/नाही' एवढाच रकाना असलेला तक्ता हा पुरावा नोंदवू शकत नाही. यावर उपायही साधा आहे. मोठ्या, ठरावीक फटीचा स्पार्क टेस्टर वापरायचा, म्हणजे उघड्या हवेतही कॉइलला जास्त व्होल्ट द्यावे लागतात.

आपल्या भाषेत याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. चाचणी जे मोजते आणि आपल्याला जे जाणून घ्यायचंय, ते एकच आहे का? कोर्सवर्कमध्ये आपण वैधतेचे प्रकार पाठ करतो, आणि मग स्वतःच्या प्रश्नावलीत मोकळ्या हवेतली ठिणगी मोजून येतो.

सीएनजीच्या गाडीत हे आणखी रंगतं. गाडी पेट्रोलवर नीट चालते, सीएनजीवर मिस मारते. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात, म्हणून स्पार्क कमजोर असू शकतो. पण गॅसचा पुरवठाच नीट नसेल, तरी लक्षण अगदी हेच! म्हणजे 'इंधन बदलून बघणे' ही चाचणी दोन गृहीतकांना वेगळं करतच नाही. वेगळं करणारी चाचणी कोणती? प्लगची फट कंपनीनं दिलेल्या मर्यादेत थोडी कमी करून बघा. स्पार्क कमजोर असेल तर सुधारणा दिसायला हवी, गॅसचा दोष असेल तर काहीच फरक पडू नये. दोन गृहीतकं, दोन वेगळी भाकितं. गृहीतक तपासणं म्हणतात ते हेच.

बदललं, गाडी नीट झाली. पुढे?

तक्त्याचा उजवा रकाना सांगतो 'बदला'. नवी कॉइल बसवली, गाडी सुरळीत झाली, बिल झालं. कॉइल खराब होती हे सिद्ध झालं? नाही. कॉइल बदलताना कनेक्टर काढून परत बसवला गेला. सैल पिन घट्ट झाली असेल, गंज खरवडला गेला असेल. एका हातानं दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं.

निदान पूर्ण करायचं तर जुनी कॉइल परत बसवा. बिघाड परत आला तर कॉइलवरचा आरोप पक्का. नाही आला, तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचले. वर्कशॉपमध्ये ही पायरी मिळणं कठीण आहे, कारण नीट झालेली गाडी परत बिघडवून बघायला कोण तयार होतो? पण शिकवण्याच्या जागी तरी ती असायलाच हवी.

आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, त्यामुळे नवा पार्ट न आणताही प्रयोग होतो. स्कॅनर पी०३०१ दाखवतो, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. एक आणि तीन नंबरच्या कॉइली अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत गेला. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष, प्लग, वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा. शून्य रुपये खर्च, आणि भाकीत आधीच ठरलेलं.

'आता स्कॅनर आलाय, सगळं तोच सांगतो' हे म्हणणं म्हणूनच घातक आहे. पी०३०१ हे लक्षण आहे. ते 'पहिल्या सिलिंडरची कॉइल बदला' असं सांगत नाही. कोड वाचून पार्ट बदलायला शिकवणं म्हणजे जुना तक्ताच स्क्रीनवर आणणं.

मग शिकवायचं कसं?

"थिअरी पक्की करा, निदान आपोआप येईल" हे उत्तर पुरत नाही. मॉरिस आणि राउस यांनी १९८५ मध्ये 'ह्यूमन फॅक्टर्स'मध्ये बिघाड शोधण्यावरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. यंत्र कसं चालतं याची नुसती थिअरी शिकवून बिघाड शोधण्याची क्षमता वाढते, याला त्यांना आधार मिळाला नाही. ते ज्ञान वापरायचं कसं, हे वेगळं शिकवावं लागतं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या लेसगोल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या तंत्रज्ञांसाठी 'शेरलॉक' नावाची संगणक प्रणाली केली, तिचा भर यावरच होता. आधी बिघाड समोर, मग शिकणाऱ्याची चाल, अडला तर सूचना, आणि शेवटी स्वतःच्या चालींचा हिशोब.

आपल्याकडे तेवढी साधनं नाहीत, आक्षेप खरा आहे. एक इंजिन, वीस पोरं, वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा. पण पाच रकान्यांचा कागद छापायला काय लागतं? आता कशावर संशय आहे, कोणती तपासणी करणार, संशय खरा असेल तर काय दिसेल, खोटा असेल तर काय दिसेल, प्रत्यक्ष काय दिसलं. निदेशकानं इंजिनात एक दोष गुपचूप ठेवावा, कधीकधी तो इग्निशनबाहेरचा असावा. पान्याला हात लावण्याआधी पहिले चार रकाने भरलेले हवेत. मार्क दोष सापडण्याला कमी, चौथ्या रकान्याला जास्त. असा कागद भरलेला पोरगा उद्या नांदगावात गॅरेज टाकेल तेव्हा गिऱ्हाइकाला "बदलून बघू" म्हणण्याआधी थांबेल. कॉइलचे पैसे कुणाच्या तरी खिशातून जाणार असतात.

आता आपलं. पीएचडीच्या आराखड्यात आपण लिहितो, 'अमुक घटकाचा तमुकवर परिणाम होतो, हे तपासणे.' हा तक्त्याचा मधला रकाना झाला. तुमचा आराखडा काढा आणि प्रत्येक गृहीतकापुढे हेच पाच रकाने आखा. 'प्रत्यक्ष काय दिसलं' हा रकाना सध्या रिकामा राहील, ते ठीक आहे. 'खोटा असेल तर काय दिसेल' हा रिकामा राहिला, तर कागद मार्गदर्शकांकडे नेण्याची घाई करू नका. आधी तेवढा रकाना भरा.