घोडा गव्हर्नरचा, फोटो कुणाचे?

शोधनिबंध हातात आला की संशोधन करणारा माणूस आधी काय बघतो? खरं सांगायचं तर लेखकांची नावं. पहिलं कुणाचं, शेवटचं कुणाचं आणि आभाराच्या परिच्छेदात कुणाला ढकललंय. 'द हॉर्स इन मोशन' हे १८८२ साली बोस्टनहून निघालेलं पुस्तक मी याच सवयीनं उघडलं.

शीर्षकपानावर लेखक म्हणून डॉ. जे. डी. बी. स्टिलमन हे नाव आहे. खाली लिहिलंय की हे काम लेलँड स्टॅनफर्ड यांच्या आश्रयाखाली झालं. पुस्तकातल्या पळत्या घोड्यांची चित्रं ज्या फोटोंवरून बनवली, ते काढले एडवर्ड मायब्रिजनं. त्याचं नाव या पानावर नाहीच. प्रस्तावनेत येतं, पण स्टॅनफर्डनं कामावर ठेवलेला एक कुशल फोटोग्राफर म्हणून.

हा स्टॅनफर्ड कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर. (तिकडे गव्हर्नर निवडून येतो, म्हणजे आपल्या राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याच्या जवळचा समजा.) जन्म १८२४चा, न्यूयॉर्क राज्यातला. विस्कॉन्सिनमध्ये वकिली, मग कॅलिफोर्नियात भावांबरोबर दुकानदारी आणि तिथून रिपब्लिकन राजकारण. जानेवारी १८६२मध्ये शपथ घेतली तेव्हा सॅक्रामेंटो शहरात पूर आला होता, शपथविधीला होडीतून जावं लागलं. पण पुरापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की गव्हर्नरपदावर असतानाच तो सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्षही होता. कंपनीला सरकारी मदत देणाऱ्या कायद्यांवर सही करणारा तोच आणि कंपनी चालवणाराही तोच. हल्ली शोधनिबंधाच्या शेवटी आपण 'हितसंबंध नाहीत' असं एक वाक्य टाकतो ना, ते इथे कसं लिहिलं असतं कोण जाणे.

आता घोड्याकडे येऊ. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात का, हा प्रश्न. स्टॅनफर्डनं यावर मोठी पैज लावली होती, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्या पैजेला पुरावा नाही. त्याला शर्यतीच्या घोड्यांचं वेड होतं, त्यांना शिकवण्यासाठी चाल नीट समजून घ्यायची होती आणि त्यासाठी तो पैसे ओतायला तयार होता. हे मला पैजेपेक्षा जास्त रोचक वाटतं.

१९ जून १८७८ला पालो आल्टोच्या धावपट्टीवर सॅली गार्डनर ही घोडी पळाली. ओळीनं कॅमेरे, समोर पांढरी पार्श्वभूमी, वाटेत आडवे ताणलेले धागे. घोडीनं धागा ओढला की त्या कॅमेऱ्याची झडप पडायची. त्या वर्षी छापलेल्या कार्डावर मायब्रिजनं आकडे दिलेत: दर २७ इंचांना एक फोटो, दोन फोटोंमध्ये सुमारे १/२५ सेकंद, आणि प्रत्येक फोटोचा काळ १/२००० सेकंदापेक्षा कमी. कागद-पेन घ्या. २७ इंच म्हणजे ०.६८६ मीटर, गुणिले २५, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. त्याच कार्डावर घोडीचा वेग एक मैलाला १ मिनिट ४० सेकंद असा दिलाय, म्हणजे सेकंदाला १६ मीटर. जमतंय! आणि १/२००० सेकंदात घोडीचं धड जेमतेम ८ मिलिमीटर सरकतं, म्हणून चित्र फारसं पुसट झालं नाही. उत्तर निघालं ते असं: पाय सुटतात, पण चित्रकार दाखवायचे तसे पुढेमागे ताणलेले असताना नाही. पोटाखाली गोळा झालेले असताना.

या कार्डाचंही शीर्षक 'द हॉर्स इन मोशन'च होतं, आणि त्यावर मायब्रिजचं नाव ठळक होतं. चार वर्षांनी तेच शीर्षक पुस्तकावर आलं, नाव मात्र गेलं.

आणि पुस्तक म्हणूनही ते फसलंय, असं माझं मत. स्टिलमनची शरीररचना मन लावून लिहिलेली आहे. पण बहुतेक ठिकाणी मूळ फोटो न देता त्यांवरून काढलेली रेखाचित्रं छापलीत. फोटो हा पुरावा होता. घोड्याबद्दल माणसाच्या हातानं शतकानुशतकं केलेली चूक त्यानं पकडली होती. तोच पुरावा परत माणसाच्या हातून रेखाटून द्यायचा, याला काय म्हणावं? मूळ डेटा न देता फक्त आलेख देण्यासारखं झालं हे.

मायब्रिजला याची किंमत मोजावी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचा निबंध छापला जाणार होता. पुस्तक आल्यावर, काम मुळात याचंच आहे का अशी शंका आली आणि निबंध थांबला. त्यानं स्टॅनफर्डवर खटला भरला, हाती काही लागलं नाही. पुढे पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या मदतीनं १८८७मध्ये ७८१ चित्रपत्रांचं 'अ‍ॅनिमल लोकोमोशन' काढलं, म्हणून तो टिकला.

रेल्वेच्या बाबतीत टिकायलाही कुणी उरलं नाही. गव्हर्नर झाल्यावरच्या पहिल्या भाषणात स्टॅनफर्डनं चिनी लोकांना हीन ठरवून त्यांचं येणं रोखायला हवं असं सांगितलं होतं. १८६५मध्ये राष्ट्राध्यक्षांना पाठवलेल्या अहवालात तेच लोक शांत, कष्टाळू, काटकसरी झाले, कारण आता डोंगर फोडायला तेच हवे होते. हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडातून बोगदे काढले. कंपनीच्या पगारपत्रकांत बहुतेकदा टोळीच्या मुकादमाचं नाव आहे, मजुरांचं नाही. या मजुरांचा इतिहास शोधण्याचा मोठा प्रकल्प पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातच झाला. हे विद्यापीठ त्यानं आणि पत्नी जेननं, पंधराव्या वर्षी टायफॉइडनं गेलेल्या मुलाच्या नावानं काढलं. त्या संशोधकांना एकाही मजुराच्या हातचं पत्र मिळालं नाही.

मायब्रिजला निव्वळ बळी मानायलाही मी तयार नाही. कॅमेऱ्यांच्या झडपा विजेवर चालवण्याची यंत्रणा बसवायला रेल्वे कंपनीतला जॉन आयझॅक्स नावाचा तरुण इंजिनिअर होता. मायब्रिजच्या कार्डावर त्याचं नाव शोधून बघा.