निषिद्ध खोली आणि गौरीची पावले

शार्ल पेरोच्या १६९७च्या संग्रहात निळ्या दाढीच्या श्रीमंताची कथा आहे. तो नव्या बायकोला घराच्या सगळ्या किल्ल्या देतो. एक खोली मात्र उघडू नकोस म्हणतो. ती उघडते. आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेते असतात. खुनी नवरा समोर असूनही पेरो कथेखाली बोध जोडतो तो बायकांच्या कुतूहलाविरुद्ध. अँजेला कार्टरने १९७९मध्ये ही कथा नायिकेच्याच तोंडून सांगितली आणि दोषाचा रोख बदलला.

आपल्या कहाण्यांत विचारणारी बाई सहसा दोषी ठरत नाही. शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून रानात नागकन्या-देवकन्यांना विचारते, कुठे निघालात, कसला वसा वसता? तिला वसा मिळतो. पण हा प्रश्न रानातला आहे. आपल्या वाट्याला हे जिणे का आले, असे ती घरात कुणाला विचारत नाही. आणि वशाचे फळही सासरच्या मर्जीच्या रूपानेच पदरात पडते. कहाणीचा उदारपणा मोजताना ही मर्यादा विसरू नये.

घराच्या आत पाहण्याची मुभा मिळते ती गौरीला. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर ती येते. आमच्या कर्जत-खालापूरकडे जुन्या घरांत तिला उंबऱ्यापासून माजघर, स्वयंपाकघर, धान्याची कोठी, अगदी गोठाही दाखवत नेत. एकही दार बंद नाही. तिची वाट बाया आखतात : तांदळाच्या पिठात मूठ बुडवून तिच्या कडेने तळवा उमटवायचा, बोटांच्या टोकांनी वरची पाच बोटे.

या पावलांकडे आपण सजावट म्हणून पाहतो. माझ्या मते ते घराचे वाचन आहे. पाऊल कुठे वळवायचे, कोणत्या कोपऱ्याशी थांबवायचे, हे सून ठरवते. एरवी तिने कोठीत डोकावले तर ‘नसत्या चौकशा’ म्हणून तिला गप्प केले जाते. त्या दिवशी देवीच्या निमित्ताने तिची नजर घरभर फिरते आणि जमिनीवर उमटते. मुभा मात्र पाहुणीची, तीही तीन दिवसांची. मूळ नक्षत्रावर गौर जाते, सून राहते.

आता बाजारात पावलांचे तयार स्टिकर मिळतात. ते सुबक असतात, पण पाकीट संपते तिथे वाट संपते, बहुधा दिवाणखान्यातच. लोककलेच्या अभ्यासकांनी पावलांच्या आकृत्या जरूर नोंदवाव्यात; त्यासोबत ती कोणत्या दारापर्यंत गेली आणि कुणी नेली, हेही लिहावे.