आखातातील मुलांच्या मनाचे माप

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या मनाविषयी आजकाल पुष्कळ लिहिले जाते. संयुक्त अरब अमिरातीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या विषयावर बरेच संशोधन झाले आहे. मुंबई-ठाण्याच्या अनेक कुटुंबांचे कोणी ना कोणी दुबई, शारजा किंवा अबू धाबीत नोकरीला असते, आणि मुले घेऊन परमुलखात जाणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. तेव्हा तेथील संशोधन या मुलांविषयी कितपत खरे सांगते, हे तपासून पाहणे उपयोगाचे होईल.

आधी चांगले काय ते सांगू. अल ऐन येथे डॉ. वल्साम्मा इपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याची पाहणी केली व ती १९९८ साली अमेरिकेतील एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आधी प्रश्नावली भरून घेणे आणि मग निवडक मुलांशी प्रत्यक्ष बोलणे, अशी तिची पद्धत होती. नुसत्या कागदावर विसंबायचे नाही, ही शिस्त त्यात दिसते. पुढे अबू धाबीच्या झायेद विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जस्टिन थॉमस यांचे आखाती देशांतील मानसिक स्वास्थ्यावरचे पुस्तक २०१३ साली आले. तेलाच्या पैशाने एकदोन पिढ्यांत सारे राहणीमान पालटले, त्याचा मनावर काय परिणाम झाला, नैराश्य आणि खाण्याचे विकार का दिसू लागले, याचा विचार त्यात आहे. पुस्तक वाचनीय आहे, पण त्याचा रोख मुख्यतः मूळ नागरिकांवर आहे. हे नागरिक लोकसंख्येच्या जेमतेम दहा-बारा टक्के. तेथे राहणारे भारतीय ३५ लाखांच्या वर आहेत.

आता या भारतीय घरांतल्या मुलांची गोष्ट घ्या. त्यांचे राहणे बापाच्या नोकरीवर अवलंबून. नोकरी गेली की ठराविक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड आवरायचे. त्यातही मुलगा आणि मुलगी यांना नियम निराळा. कित्येक वर्षे बापाला मुलाचा व्हिसा त्याच्या अठराव्या वर्षापर्यंतच काढता येई. शिकत असेल तर आणखी थोडी वर्षे. मुलीला मात्र लग्न होईपर्यंत वयाची अट नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलांची मर्यादा २५ वर्षांपर्यंत वाढवली गेली. सवलत मोठी आहे, पण तारीख पुढे गेली इतकेच. ज्या गावात जन्म झाला, शाळा झाली, मित्र झाले, तेथे राहण्यासाठी मुलाने पंचविशीच्या आत स्वतःची सोय लावलीच पाहिजे.

हे मनात ठेवून ताण मोजण्याची फूटपट्टी पाहू. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत तयार केलेली प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. ती विचारते गेल्या एका महिन्याबद्दल: किती वेळा अस्वस्थ वाटले, किती वेळा गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या. परीक्षेच्या दिवसांत तिचा उपयोग होईल. पण आठव्या वर्षापासून जो मुलगा ‘आपल्याला एक दिवस जायचे आहे’ हे ऐकत आला, त्याची धास्ती महिन्याच्या मापात कशी बसावी? ती इतकी अंगवळणी पडलेली असते की विचारल्यावर तो ‘काही नाही’ असेच म्हणेल. शिवाय शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘स्ट्रेस’ म्हटले की अभ्यास आठवतो. घालमेल होते का, जीव टांगणीला लागतो का, असे आईच्या भाषेत विचारले तर कदाचित उत्तर निराळे येईल.

स्त्री-पुरुषांविषयीच्या मतांचेही तसेच. या विषयावरची गाजलेली प्रश्नावली टेक्सास विद्यापीठातील जॅनेट स्पेन्स आणि रॉबर्ट हेल्मरिच यांनी १९७२ मध्ये केली. ती मते मोजते. राहण्याचा हक्क कोणाच्या हाती आहे, हा तिचा विषय नाही. समजा, दुबईतली एखादी मुलगी शिक्षण संपवून घरीच आहे आणि तिचा भाऊ मिळेल ती नोकरी धरतो आहे. परका संशोधक याला ‘जुने विचार’ म्हणेल. वास्तविक मुलीला बापाच्या नावावर राहता येते आणि मुलाला येत नाही, म्हणूनही हे घडत असेल. अशा ठिकाणी कायद्याच्या पोटातून आलेली गोष्ट आईबापांच्या माथी मारली जाते. मुलीचाही यात फायदाच आहे असे कोणी समजू नये. तिचा मुक्काम बापाच्या नोकरीवर टिकतो, आणि लग्न झाले की बापाच्या नावावरचा तिचा आधार सुटतो.

या बाबतीत मला अधिक सांगून जाणारे पुस्तक मानसशास्त्राचे नाही. नेहा व्होरा या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने दुबईतील भारतीयांमध्ये राहून, त्यांच्याशी बोलून ‘इम्पॉसिबल सिटिझन्स’ हे पुस्तक लिहिले. तेही २०१३ चेच. आईबाप म्हणतात, आम्ही कमवायला आलो, परत जाऊ. तेथेच वाढलेली मुले मात्र हक्काची, भेदभावाची भाषा बोलतात आणि दुबईला आपले गाव मानतात, हे तिने नेमके टिपले आहे. अर्थात किती मुलांना असे वाटते, ते या पुस्तकावरून कळत नाही. आकडा हवा असेल तर पाहणी करावीच लागेल, आणि आकड्याशिवाय शाळेत समुपदेशक नेमायला कोणी पैसा काढत नाही. म्हणून प्रश्नावल्या फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. आधी व्होरांसारखे ऐकावे, मग प्रश्न लिहावेत.

इस्रायलमध्ये हा धडा पूर्वीच मिळालेला आहे. १९५०च्या दशकात मोरोक्कोहून येणाऱ्या मुलांना प्रचलित बुद्धिमापन चाचण्यांत फार कमी गुण पडत. रूवेन फॉयरस्टाइन यांनी मुलांऐवजी चाचणीवर शंका घेतली, शिकवता शिकवता पारखण्याची पद्धत काढली आणि मंद ठरवलेली मुले शिकू शकतात हे दाखवले. अमिरातीतील संशोधकांनी त्यांचा कित्ता गिरवावा. मुलाला किंवा मुलीला त्याच्या घरच्या भाषेत तीन गोष्टी विचाराव्यात: तुझा व्हिसा कोणाच्या नावावर आहे? तो केव्हा संपतो? त्यानंतर तू कुठे जाशील असे तुला वाटते? या उत्तरांशेजारी ताणाचे गुण मांडले, मुलांचे निराळे आणि मुलींचे निराळे, तर त्या आकड्यांना अर्थ येईल. आणि आपले नातलग तिकडे असतील त्यांनी संशोधकाची वाट का पाहावी? हे तीन प्रश्न जेवणाच्या ताटावरही विचारता येतात.